रस्त्यातलं गाऱ्हाणं

हरमलात मी भाड्याने राहते ती खोली खरं म्हणजे माझ्यासारखीसाठी बांधलेलीच नाही. ती पर्यटकांसाठी. भिंतीवर निळा डॉल्फिन रंगवलाय, आरशाभोवती शिंपले चिकटवलेत, आणि त्या डॉल्फिनखाली बसून मी दहावीचे सराव पेपर तपासते. घरमालकीण दर आठवड्याला एकदा तरी ऐकवते, "टीचर, तुका म्हणून ठेवली हां, नाय तर सीझनात ही खोली गावची नाय." गावची नाय म्हणजे मिळायची नाही. मी हसते. तिचं खरंच आहे. तिच्या तोंडचा सीझन म्हणजे परदेशी माणसं आणि भाड्याच्या स्कुटरी. आमच्या मुळगावात सीझन म्हटलं की काजू. आणि आमच्या बाबांच्या तोंडी एके काळी सीझन म्हणजे खाण चालू असलेले, पावसाआधीचे महिने. एकाच शब्दावर इतकी माणसं पोट भरतात आणि कुणाचं कुणाला पटत नाही.

मार्च लागला की मला गोंधळायला होतं. उगाच नाही म्हणत, अगदी खरोखर. परवा सुपरव्हिजनला मी सरळ चुकीच्या वर्गात जाऊन बसले. पेपर वाटायला उठले तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, आमच्याकडे पुंडलिक सर आहेत." सर दारात उभे राहून गालातल्या गालात हसत होते. आता ह्याला काय म्हणायचं? संध्याकाळी वाड्यावरून शिगम्याचे, म्हणजे आमच्या होळीचे, ढोल ऐकू येतात, किनाऱ्याकडून त्या परदेशी लोकांचे वेगळेच ढोल, मधेच वारा आंबूस, गोडसर असा काजूच्या बोंडांचा वास घेऊन येतो आणि माझ्या हातातला लाल पेन थांबतो. समोर इतिहासाचा पेपर असतो आणि मला वाटतं, माझाच पेपर आहे, आणि मी अजून रस्त्यातच उभी आहे.

आता हे नीट सांगायचं तर बाबांच्या ट्रकपासून सांगायला हवं. की आईच्या शेतापासून? बघा, इथूनच माझी पंचाईत सुरू होते.

बाबांचा ट्रक खाणीवरून माती वाहायचा. माती म्हणजे लोखंडाची माती, आम्ही तिला मातीच म्हणतो. खाणीवर भरायची आणि नदीकाठच्या धक्क्यावर नेऊन ओतायची, तिथून ती बार्जमधून पुढे. दिवसभर हेच. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया लाल असायच्या. आईचं शेत गावाच्या सखल भागात, तिच्या माहेराकडून आलेलं, आणि तिचा त्याच्यावर भारी जीव. पावसाळी भात तर व्हायचंच, पण तिचा अभिमान वायंगणी भाताचा. थंडीत लावायचं, मार्चमध्ये कापायचं. एका घरात एक माणूस लाल मातीवर जगतो आणि दुसरं काळ्या चिखलावर, ह्यात तेव्हा आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. दोघंही संध्याकाळी एकाच बालदीत पाय धुवायची.

मग खाणी बंद झाल्या. का बंद झाल्या ते मी आता वर्गात मुलांना समजावून सांगू शकते, पण तेव्हा घरात एवढंच कळलं की ट्रक अंगणात आला आणि तिथेच राहिला. आधी वाटलं दोन-चार आठवडे. बाबा रोज सकाळी त्याला फडकं मारायचे. मग एक दिवसाआड. मग कोंबड्यांनी चाकांमध्ये बसायला सुरुवात केली आणि आईने लावलेला दोडक्याचा वेल कधी हौद्यावर चढला ते कुणी बघितलंच नाही. बाबांनी एकदा तो ओढून काढायला हात घातला. आई म्हणाली, "राहूं दियात. तितलें तरी लागता तुमच्या ट्रकाक." बाबा हसले. मला ते हसू आठवतं, कारण त्यानंतर पुष्कळ दिवस ते हसले नाहीत.

त्या वर्षांत घर चाललं ते आईच्या भातावर. उकडा तांदूळ, त्याची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंपोंप करत दाराशी यायचा तेव्हा आई मुद्दाम मागच्या अंगणात जायची, म्हणजे पाव नको असं तोंडाने सांगावं लागत नसे. माझी शिकवणी बंद झाली. आणि गंमत बघा, नेमका तेव्हाच माझा अभ्यास सुरू झाला. घर दोन खोल्यांचं, त्यात पाहुणेरावळे, टीव्ही. मी जाऊन बसायची ट्रकच्या केबिनमध्ये. ड्रायव्हरच्या मागची आडवी सीट, समोर देवीचा फोटो, त्याला सुकलेली झेंडूची माळ, डिझेलचा वास. काच वर केली की आवाज बंद. अकरावीची सगळी अकाऊंटन्सी मी त्या केबिनमध्ये शिकले. बाबा कधीमधी काचेवर टकटक करून लाडू नाही तर पेरू द्यायचे आणि विचारायचे, "फुडें पावलें गो इंजिन?" म्हणजे अभ्यास कुठवर आला. ट्रक उभा राहिला म्हणून मी पुढे गेले, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता येतं, आणि आलं की मला कसंसंच होतं. घरात पाव येत नव्हता त्या दिवसांना मी चांगले दिवस म्हणू का?

मी बारावीत जाणार त्या उन्हाळ्यात खाण पुन्हा सुरू झाली. बाबांनी वेल कापला. ट्रक धुतला, पुजला, लिंबू-मिरच्या बांधल्या. पहिल्या दिवशी हॉर्न देत गेले तेव्हा अख्खा वाडा दारात आला होता. माझी अभ्यासाची खोली हॉर्न वाजवत निघून गेली म्हणून मला रडू आलं, आणि मी आईला सांगितलं की आनंदाने रडतेय. तीही रडत होती. ती मात्र खरंच आनंदाने.

पण आनंद काही टिकला नाही. त्या पावसात खाणीच्या डंपवरून, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगावरून, लाल चिखल ओढ्यातून वाहत आला आणि शेतात साचला. पाऊस गेल्यावर आईने तो उपसायचा प्रयत्न केला, मीही गेले; पण ओला असताना पाय रुतायचे आणि सुकल्यावर त्याची अशी ढेपळं व्हायची की पिकासाने फुटायची नाहीत. वायंगणाला पाणी लागतं. आमच्या शेताकडची विहीर डिसेंबरातच तळाला गेली. खाणीचा खड्डा उपसतात म्हणून गावातल्या विहिरी आटतात, असं सगळे म्हणत होते. निवेदनं झाली, साहेब येऊन बघून गेले, मोबाईलवर फोटो काढून गेले. शेवटी बायकांनी ठरवलं, रस्त्यावर बसायचं. माती वाहणारे ट्रक गावातून जाऊ द्यायचे नाहीत. त्यात आमची आई पहिल्या रांगेत.

आता त्या घरात जेवायला बसा बघू! आई आणि बाबांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, पण भांडण सोडलं नाही. ते सगळं माझ्यामार्फत चालायचं. मी मधोमध ताट घेऊन.

"बाय, तुज्या बापायक विचार, भात आतां खंय पिकोवप? तांच्या ट्रकाच्या हौद्यांत?"

"तुज्या आवयक सांग," बाबा ताटाकडे बघत म्हणायचे, "गाडी चलली जाल्यार तुजी कॉलेजीची फी भरतलों. ना जाल्यार तुका हरमला धाडची पडटली, पर्यटकांच्यो चादरी धुवंक."

"तांका सांग, चेडवाक हांव शिकयतलें. शेत विकीन, पूण शिकयतलें."

"तिका सांग, तें शेत कोण घेतलो? चिखल कोण घेता विकतें?"

मी काय सांगणार कपाळ! दोघंही समोर बसून ऐकत होती. दोघंही माझ्याच शिक्षणाचं नाव घेऊन एकमेकांना आडवी जात होती. पुस्तकात वाचलं होतं की अशा गोष्टीत एक बाजू बरोबर असते आणि एक चूक. मी रोज रात्री ठरवायची की आईचं बरोबर. सकाळी बाबा केबिनमध्ये चढताना गुडघ्यावर हात ठेवून चढायचे, ते बघितलं की वाटायचं, बाबांचं बरोबर. माझी परीक्षा जवळ येत होती आणि मला एवढंच हवं होतं की मी पास व्हावं आणि पास झाले म्हणून दोघांपैकी कुणी हरू नये.

पहिला पेपर अर्थशास्त्राचा होता. त्याच दिवशी सकाळी बायका रस्त्यावर बसल्या. आई उजाडायच्या आत गेली. जाताना माझ्या उशाशी देवीचा अंगारा ठेवून गेली. मी आवरून बसस्टॉपवर आले तर बस नाही. बस कशी येणार, पुढे रस्ताच बंद. बाबा ट्रक घेऊन निघाले होते, मला बघून थांबले. "चड," म्हणाले, "डिचोलेक सोडटां." मी चढले. कितीतरी महिन्यांनी त्या सीटवर बसले. बाबा गाडी चालवत होते आणि मी समोरच्या देवीच्या फोटोकडे बघत होते.

वळणावर पोचलो तर आधीच ट्रकांची रांग. बाबा बाजूने काढत काढत सगळ्यात पुढे गेले, मुलीचा पेपर आहे असं प्रत्येकाला सांगत. आणि समोर डांबरावर ओळीने बायका. डोक्यावर पदर, हातात सुपं, कुणाच्या हातात वाळलेल्या भाताच्या काडीच्या पेंढ्या. पोलीस आंब्याच्या सावलीत. मी केबिनमधून खाली उतरले, गणवेशात, छातीशी पॅड धरून. मी कुठल्या गाडीतून उतरले ते आईने पाहिलं, आणि ते मी पाहिलं. तिने मान खाली घातली. मला त्या क्षणी पेपर नको, कॉलेज नको, काही नको झालं होतं.

रस्त्याच्या मधोमध शाणूआबा उभे होते. शाणूआबा म्हणजे आमच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे गावकर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे लग्न असो, घर बांधायचं असो, गाडी घ्यायची असो, आधी देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एक जण सांगतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." न म्हणून चालत नाही. लहानपणापासून तोंडाला इतकं बसलेलं असतं की माणूस डुलकी काढत असला तरी "व्हय म्हाराजा" म्हणून परत डुलकी काढतो.

तर आबांनी बायकांचं गाऱ्हाणं आधीच घातलं होतं. मातीच्या गाडीचं चाक पुढे जाऊ देऊ नको, विहिरीला पाणी दे, शेत सोडव. ते संपल्यावर ड्रायव्हरांनी आवाज दिला, "आबा, आमचोय नाल्ल आसा." आमचाही नारळ आहे. बायकांमधून कोणीतरी ओरडलं, "आबा, तुमी कोणाचे तें एकदां सांगात!" आबांना राग आला. त्यांचा तो किडमिडीत देह ताठ झाला. "हांव गाऱ्हाण्याचो," ते म्हणाले. "नाल्ल हाडटा ताचें घालतां. न्याय करपी हांव न्हय."

मग ते वळून ट्रकांसमोर उभे राहिले. ड्रायव्हरांनी चपला काढल्या. बाबांनीही. आबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "बारा गांवच्या, बारा वेशीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज जीं हीं तुजीं लेकरां तुज्या पांयांकडेन उबीं आसात..."

"व्हय म्हाराजा."

"तांची इत्सा पुराय कर. मातयेच्या गाडयेचें चाक फुडें वचूंक दिवं नाका म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ड्रायव्हर एका सुरात म्हणाले. आणि मग एकमेकांकडे बघायला लागले.

आबांच्या तोंडात अजून मघाचेच शब्द घोळत होते, ते सरळ बाहेर पडले. ड्रायव्हरांनी आपल्याच गाड्या थांबवायला हात जोडून होकार दिला होता! आधी एक पोलीस फिस्सकन हसला. मग बायका. पदर तोंडाला लावून हसत होत्या त्या. ड्रायव्हर चिडले, "आबा, हें कितें केलें?" आबा तर पार गडबडले. घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, अर्धं सोडताही येत नाही. ते हात जोडून भराभर म्हणाले, "चूकभूल जाली ती पोटांत घाल म्हाराजा. ह्या लेकरांचें चाक चलूं दी, तांचीं पोटां भरूं दी." हसण्याच्या गलक्यातच व्हय म्हाराजा झालं. पण ओठ हलत राहिले आणि पुढचा शब्द सापडेना. एकाच देवाला त्यांनी चाक थांबव म्हणून सांगितलं होतं आणि चालव म्हणूनही. घाम आला होता त्यांना. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मधे, ट्रक आणि बायकांच्या बरोबर मधे, मी उभी.

आबांचा चेहरा सुटला. म्हणाले, "आनी म्हाराजा, हें गांवचें चेडूं आज परीक्षेक वता. ताच्या वाटेर कोण आडवें आसत, ताका कुशीक कर. ताका यश दी. व्हड कर!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या वेळी ते दोन्हीकडून आलं. माझ्या पाठीमागून आणि पुढूनही. मी कधी आयुष्यात इतका मोठा आवाज माझ्यासाठी ऐकला नव्हता. गाऱ्हाणं घातलं म्हणजे घातलं. बायकांनी पाय आखडून घेतले आणि मधे वाट केली. मी चालले. एकीने माझी ओढणी सरळ केली, एकीने गाल कुरवाळला. आई उठली. पलीकडे दतू पायलट उभा होता. आमच्याकडे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं सोडणाऱ्याला पायलट म्हणतात. आईने मला त्याच्या मागे बसवलं, पॅड नीट धरायला लावलं आणि म्हणाली, "सोपें तें पयलीं बरय." सोपं ते आधी लिही. मी वळून बघितलं तेव्हा बाबा बोनेटला टेकून उभे होते, हात वर केलेला.

पेपरात काय लिहिलं, देवाला ठाऊक. पहिलाच प्रश्न मागणी आणि पुरवठ्याचा, आणि माझ्या डोक्यात नुसते नारळ. पण हात चालत राहिला. इतक्या लोकांनी व्हय म्हटलंय, आता न लिहून कसं भागेल, असं काहीतरी वाटत होतं. पुढे कधी खचले तेव्हा पुस्तकातलं कुठलंही वाक्य माझ्या कामी आलं नाही. तो आवाजच आला. म्हापशाला कॉलेजात असताना, बी.एड.ला असताना, पहिल्या मुलाखतीत ततपप झालं तेव्हासुद्धा.

मी चांगली पास झाले. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी की पावसाच्या तोंडावर बाबांनी ट्रक विकून टाकला. खाणवाल्यांनी तोवर गावाबाहेरून दुसरा रस्ता काढला होता आणि बाकीचे ड्रायव्हर त्या रस्त्याने जाऊ लागले होते. बाबा गेले नाहीत. काही न बोलता गिऱ्हाईक बघितलं, आणि काही दिवसांनी शाळेच्या बालरथावर, म्हणजे मुलांच्या बसवर, ड्रायव्हर म्हणून लागले. तिसरी गोष्ट, पुढच्याच पावसात लाल चिखल परत आला. आईने दोन वर्षं धडपड केली आणि मग खालचा तुकडा पडीक टाकला. म्हणजे हिशेब केला तर देवापुढे तीन मागणी गेली होती. चाक थांबव, चाक चालव, आणि ह्या पोरीला यश दे. त्यातलं एकच पावलं. तेही चुकून घातलेलं. आई हरली, बाबा हरले, आणि मी त्या दोघांच्या मधून चालत निघून गेले. लोक मला म्हणतात, "आईबापाचं नाव काढलंस." मला कळत नाही की हे ऐकून खूश व्हायचं की तोंड लपवायचं. दर मार्चमध्ये मला हे वाटतं. तोच वास येतो, तेच ऊन पडतं, आणि मी यशस्वी असल्याची मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून रागही येतो. मी काय वाईट केलं?

ह्या वर्षी तर जास्तच. एक तर डिचोलीच्या रस्त्यावर पुन्हा मातीचे ट्रक दिसायला लागलेत. आणि इथे, पेडण्यात, आमच्या शाळेजवळचा एक डोंगर कापायला घेतलाय, बंगल्यांसाठी. खालच्या वाड्यातले लोक रोज तिथे जाऊन बसतात. झरा आटेल, दरड खाली येईल, म्हणतात. मला त्यांचं पटतं. पण माझ्या दहावीच्या वर्गात रेणुका आहे. तिचे वडील बेळगावकडून आलेले गवंडी, त्याच डोंगरावर कामाला. शेडमध्ये राहतात. वर्गातल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. सेंडऑफच्या दिवशी ती मागे थांबली. म्हणाली, "टीचर, मी पेपरला नाही येणार. सगळ्या बघतात माझ्याकडे." मग खाली बघत विचारलं, "माझे पप्पा वाईट आहेत का?"

इतकी वर्षं शिकवलं, दोन पदव्या घेतल्या. मी म्हटलं, "तू ये. मी गेटवर उभी असेन." बस, एवढंच. ती आली. मी उभी होते. दोघी वर्गापर्यंत चालत गेलो. तिने पेपर दिला, बाहेर आली तेव्हा हसली सुद्धा. पण तिच्या प्रश्नाचं काय? तो तसाच माझ्याकडे राहिला, आणि मी तो घेऊन शनिवारी मुळगावला गेले.

आई मागच्या अंगणात बोंडांपासून बिया वेगळ्या करत बसली होती. बाबा बाहेर सोप्यावर, म्हणजे ओसरीतल्या बाकावर, पेपर वाचत. मधे एक दार, ते उघडंच. त्या दोघांचं बोलणं केव्हाच पूर्ववत झालंय, पण त्या सकाळबद्दल आमच्या घरात कुणी अवाक्षर काढत नाही. मी आईजवळ बसले, चार बोंडं पिरगळली आणि एकदम विचारलं, "आई, तेव्हा बाबा वाईट होते का गो?"

आईने असं बघितलं माझ्याकडे की मला वाटलं आता बोंड फेकून मारते. "कोण म्हणटा वायट?" ती म्हणाली. "तोंड सांबाळून उलय. वायट हांव. म्हजे खातीर गाडी गेली तांची."

"तुझ्यामुळे कशी? तू शेतासाठी बसली होतीस."

"शेताखातीर बसलें. खरें तें." तिने आणखी एक बोंड पिरगळलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पूण आबान तांचें गाऱ्हाणें घालें न्हय? चाक चलूं दी म्हणून? तेन्ना बायलांतल्यान व्हय म्हाराजा कोणें म्हटलें जाणा? हांवें. सगळ्यांत व्हडल्यान. बाकीच्यो म्हज्याकडेन पळोवंक लागल्यो. एका तोंडान चाक आडयलें आनी त्याच तोंडान चलूं दी म्हटलें. पिशी, वेडी मगो हांव! देवान तरी कितें करचें?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतक्यात सोप्यावरून बाबांचा आवाज आला, पेपर न हलवता.

"म्हाका खबर आसा."

आईचे हात थांबले. "कितें खबर आसा?"

"तूं म्हटलें तें. आयकलें हांवें तेन्नाच. इतल्या बायलांतल्यान तुजो आवाज म्हाका कळचो ना?" बाबांनी पान उलटलं. "आयकलें म्हणून तर गाडी विकली."

आईच्या बोटांवरून बोंडाचा रस कोपरापर्यंत ओघळला तरी तिने तो पुसला नाही. मग तिने मोठ्याने विचारलं, आणि आवाज रागाचा होता की कसला ते मला आजही सांगता येणार नाही, "आनी इतलीं वर्सां सांगूंक जालें ना तुमच्यान?"

"विचारलें कोणें?" बाबा म्हणाले.